वाचक विचारतात : सांगलीची पेठ, पेवं आणि पुलाखालचं पाणी

सांगली शहराविषयी प्रश्न पाठवा असं आवाहन केलं होतं. सर्वाधिक पत्रं हळदीवर आली, त्याखालोखाल पुरावर. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : जिल्ह्यात जिकडंतिकडं ऊस आणि द्राक्षं दिसतात. मग हळदीची पेठ सांगलीतच कशी झाली? (कवठेमहांकाळ)

उसाचा आणि द्राक्षांचा आजचा पसारा त्या मानानं अलीकडचा. कृष्णा-वारणेकाठच्या मळीच्या, म्हणजे नदीच्या गाळाच्या, रानात हळद त्याआधीपासून आहे आणि वाळवा, मिरज, पलूस, शिराळा या भागांत आजही होते. पण नुसतं पिकलं म्हणून पेठ होत नाही. हळद मे-जूनमध्ये लागते आणि आठ-नऊ महिन्यांनी निघते. शिजवून, वाळवून माल बाजारात येतो तो फेब्रुवारीपासून उन्हाळाभर, एकदम. खप मात्र बारा महिने. म्हणजे ज्याच्याकडे माल धरून ठेवायची सोय, त्याच्या हातात दर. सांगलीकडे ती सोय होती. तिच्याविषयी पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट राज्यकर्त्यांची. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. गणेशदुर्ग आणि गणपती मंदिर त्यांच्याच काळातलं. राजधानी झाली, की भोवती सराफ, अडते, हुंडीवाले जमतातच. पुढं सांगलीत हळदीचे वायदेही चालू लागले आणि स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज ही वायदेबाजाराची संस्था इथंच होती.

आता तर निजामाबाद, इरोड, सेलमकडची आणि सीमेपलीकडची कर्नाटकी हळदही इथल्या वसंतदादा मार्केट यार्डात सौद्याला येते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यावरून कुणी असा समज करून घेऊ नये, की सांगलीत विकली गेलेली प्रत्येक हळद सांगलीची असते. मानांकन ठरलेल्या भागातल्या मालाला असतं, सौद्याच्या जागेला नसतं. घेताना हळदीची जात आणि गाव दोन्ही विचारा.

प्रश्न : हरिपूरची हळदीची पेवं म्हणजे नेमकं काय? जमिनीत पुरलेली हळद कुजत कशी नाही? आणि ती बंद का पडली? (पुणे, इस्लामपूर आणि सांगलीवाडी अशी तीन पत्रं)

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं, रांजणाच्या आकाराचं कोठार. तोंड माणूस जेमतेम आत उतरेल एवढं, खाली पोट फुगलेलं, खोली वीस-पंचवीस फुटांच्या घरात. हरिपूर आणि सांगलीवाडी ही त्यांची मुख्य ठिकाणं, आणि याचं कारण माती. नदीनं आणून टाकलेल्या गाळाचा तिथं खोल थर आहे. तो उभा कापला तरी ढासळत नाही आणि पाणी लवकर आत येऊ देत नाही. काळ्या कापसाच्या जमिनीत पेव टिकणार नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते, भेगेतून हवा जाते आणि पावसाळ्यात त्याच वाटेनं पाणी. मुरूम लवकर लागतो तिथं एवढं खोल खणणंच परवडत नाही.

भरायची पद्धत अशी. पेव आधी चांगलं सुकू द्यायचं. तळ आणि भिंती सारवून घ्यायच्या. तळाला वाळलेल्या उसाच्या पाल्याचा जाड थर, कडेनंही पाला आणि त्यावर चटया, म्हणजे हळद मातीला कुठंच टेकत नाही. मग हळकुंडं ओतायची. आत उतरलेला माणूस ती कोपऱ्यापर्यंत सारत जातो, कारण मोकळी जागा राहिली तर तिथं हवा राहते. तोंडापर्यंत भरलं, की वर पुन्हा पाला, त्यावर फरशी, आणि फरशीवर माती चोपून बसवायची. हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. तोंडाशी बोटभर फट राहिली, तर सगळ्या खटाटोपावर पाणी.

आतली हळद कुजत नाही याचं कारण हवाबंदपणा. कोंडलेल्या हवेतला प्राणवायू मालाच्या आणि त्यातल्या किड्यांच्या श्वसनानं संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि भुंगा जगत नाही. हळदीला पोखरणारा भुंगा गोदामात दुसऱ्या वर्षी हमखास दिसतो, चांगल्या पेवात तो वाढत नसे. शिवाय आत ऊन नाही, त्यामुळं रंग उडत नाही. तापमानही फारसं हलत नाही. जमिनीतली थोडी ओल घेऊन वजन किंचित वाढतं, ते व्यापाऱ्याला नकोसं नव्हतंच. पण अट एकच. आत जाणारी हळद खडखडीत वाळलेली हवी. ओलसर माल भरला तर तो पेवात तापतो, बुरशी धरतो आणि शेजारच्या चांगल्या मालालाही घेऊन जातो.

पेव उघडणं जोखमीचं. प्राणवायू संपलेला, आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी बसलेला. म्हणून फरशी काढून पेव बराच वेळ, शक्यतो आदल्या दिवसापासून, मोकळं सोडत आणि पेटता कंदील दोरीनं खाली सोडत. विझला तर कुणी उतरायचं नाही. कंदिलाच्या या परीक्षेवर फार विसंबू नये, असं आमचं मत. ज्योत जळते म्हणजे प्राणवायू अगदीच संपलेला नाही, एवढंच कळतं. जुनी विहीर, पेव किंवा बंद टाकी साफ करायची वेळ आली, तर आधी वारं खेळवा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर दोन माणसं ठेवा. आतला माणूस पडला तर त्याच्यामागं दुसऱ्यानं उडी मारू नये. अशा घटनांत दुसरा बळी तसाच जातो.

बंद पडण्याचं मोठं कारण २००५ चा महापूर. पेवं नदीकाठी, आणि त्यांचे तळ पुराच्या पातळीच्या खूप खाली. पाणी तोंडावरून शिरलं आणि भरलेल्या पेवांतली हळद भिजून गेली. गोदामातलं भिजलेलं पोतं निदान बाहेर काढून वाळवता येतं. पेवातली हळद फुगून बसली, की काढेपर्यंतच कुजते. तोवर गोदामं आणि शीतगृहं वाढत होतीच. गोदामाच्या पावतीवर बँक कर्ज देते, माल हवा तेव्हा पाहता येतो, हमालाला जीव धोक्यात घालावा लागत नाही. काठच्या जमिनींना घरबांधणीचे दर आल्यावर पेवांची जागा राखण्यात कुणाला रस उरला नाही. २०१९ च्या महापुरानंतर तर बोलायलाच नको.

प्रश्न : सांगलीला नाट्यपंढरी का म्हणतात? (बार्शी)

विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केलं. त्यांना आश्रय आणि उत्तेजन याच चिंतामणराव आप्पासाहेबांचं. मराठी रंगभूमीची सुरुवात याच प्रयोगापासून मानतात, म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन म्हणून पाळतात आणि सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात.

प्रश्न : जिल्ह्याचं ठाणं सांगली, पण रेल्वेचं जंक्शन मिरज. असं का? आणि सांगलीच्या भर वस्तीत रेल्वे नसताना ‘स्टेशन चौक’ कसा? (विश्रामबाग)

पुणे–मिरज–बेळगाव हा मीटर गेज मार्ग १८९० पर्यंत तयार झाला, आणि तो मिरजेवरून गेला. मिरजेहून कोल्हापूरला फाटा गेला, १९२७ मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज आली. पुढं ब्रॉडगेज आल्यावर काही वर्षं मिरजेत तिन्ही मापांचे रूळ होते. सांगली बाजूला राहिली. हळदीची पेठ बैलगाड्यांनी मिरजेपर्यंत माल नेणार किती दिवस? म्हणून संस्थानानं १९०७ मध्ये मिरज–सांगली असा सुमारे ५ मैलांचा स्वतःचा फाटा टाकला. त्याचं स्टेशन गावाजवळ होतं. १९७० च्या आसपास ब्रॉडगेज झाल्यावर सांगली मुख्य मार्गावर आली, स्टेशन हललं, फाटा गेला. चौकाचं नाव तेवढं राहिलं.

शहराची आजची ठेवण याच ओढाताणीतून आली आहे. गावभाग, गणपती पेठ ही जुनी बाजारपेठ पाण्याजवळ, खालच्या अंगाला. विलिंग्डन कॉलेज (१९१९), वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७), विश्रामबागेची वसाहत आणि कुपवाड-मिरजेकडच्या औद्योगिक वसाहती सगळ्या पूर्वेला, नदीपासून दूर. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका झाली, ती नकाशा पाहिला तर उशिराच झाली म्हणायची.

प्रश्न : परसात दहाएक किलो ओली हळद निघेल. ती घरीच शिजवून पूड करता येईल का? (शिराळा)

येईल. दहा किलो ओल्या हळदीची साधारण दोन किलो सुकी होते, जातीप्रमाणं थोडी कमीजास्त. काढल्यापासून दोन-तीन दिवसांत शिजवा. माती धुवा, मुळ्या छाटा आणि गड्डे (मधले जाड कंद) व हळकुंडं वेगळी करा. दोन्ही एकत्र घातली तर हळकुंडं गळतात आणि गड्डे कच्चे राहतात. वेगळी करायचा कंटाळा असेल तर निदान गड्डे उभे चिरा.

मोठ्या पातेल्यात हळद घेऊन वर दोन बोटं पाणी ठेवा. शेतावर काहिलीत शिजवताना वर हळदीचाच पाला आणि पोतं झाकतात, घरी जड झाकण पुरे. उकळी आल्यावर पाऊण ते एक तास. वर फेस आला, पांढरी वाफ आणि हळदीचा उग्र वास सुटला, की एक हळकुंड काढून त्यात बोथट काडी खुपसा. सहज आरपार गेली तर झाली. कच्ची राहिली तर ती सुकताना नीट सुकत नाही, ठिसूळ होते आणि कीडही लवकर धरते. जास्त शिजली तर रंग मळतो. लोक जास्त शिजवण्याची चूक करतात, कारण कच्ची राहण्याची धास्ती असते.

पाणी निथळून स्वच्छ फरशीवर किंवा चटईवर दोन-अडीच इंच जाडीचा थर पसरा. पातळ थर लवकर वाळतो, पण उन्हानं रंग उडतो. रात्री गोळा करून झाका, दव पडू देऊ नका. दहा ते पंधरा दिवसांत वाळते. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजली पाहिजेत, आणि मोडल्यावर आतून कडेपासून मधोमध एकसारखा नारिंगी रंग दिसला पाहिजे. मध्ये फिकट ठिपका दिसला तर अजून दोन दिवस ऊन द्या.

नंतर गोणपाटात घालून दोघांनी दोन टोकं धरून घोळवा, साल आणि मुळ्यांचे तुसे निघतात. यंत्राच्या पिंपातल्यासारखी चकाकी येणार नाही, चवीला त्यानं फरक पडत नाही. मिक्सरमध्ये अख्खी हळकुंडं घालू नका, पाती जातील. खलबत्त्यात फोडून मसाल्याच्या डंकावर द्या, आणि आधी कुणाचं तिखट कुटलंय का ते विचारा. पूड उजेडापासून दूर ठेवा, काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवलेली पूड फिकी पडते.

विकतच्या पुडीची शंका असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर टाका आणि हलवू नका. चांगली पूड तळाला बसते, पाणी फिकं पिवळं होतं. पाणी गडद पिवळं झालं आणि तसंच राहिलं तर रंगाची भेसळ समजा.

प्रश्न : किर्लोस्करवाडी औंध संस्थानात होती म्हणतात. औंध साताऱ्यात, वाडी सांगलीत. खरं काय? (कराड)

दोन्ही खरं. औंधचा मुलूख सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांत पसरलेला होता आणि कुंडल हा त्यातला एक तुकडा. नुसत्या आजच्या सांगली जिल्ह्यात सांगली, थोरली मिरज, बुधगावची धाकटी मिरज, जत, औंध अशा संस्थानांचे भाग आणि मध्ये मध्ये इंग्रजी मुलूख होता. बेळगावहून जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळ दिला, आणि १९१० मध्ये कारखाना उभा राहिला. माळ निवडुंगाचा, पण स्टेशन दाराशी. बीड (ओतीव लोखंड) आणि कोळसा येणार रेल्वेनं, नांगर जाणार रेल्वेनं. मग नदीकाठची सुपीक जमीन हवी कशाला? संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं.

प्रश्न : बातम्यांत ‘आयर्विन पुलाजवळ अमुक फूट’ सांगतात. त्यावरून माझ्या दुकानात पाणी कधी येणार हे कसं ओळखायचं? कोयनेतून तेवढंच पाणी सुटूनही कधी पूर येतो, कधी नाही. (गणपती पेठ, अशाच आशयाची आणखी पत्रं)

१९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर, २०२१ मध्ये ५४ च्या वर आणि ऑगस्ट २०१९ मध्ये साडेसत्तावन्नाच्या आसपास गेलं. ४० म्हणजे पाणी गावात शिरलं असं नव्हे, आणि ४० च्या आत म्हणजे सगळे कोरडे असंही नव्हे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या सखल भागांत इशारा पातळीच्या आधीच पाय ओले होतात.

आधी विसर्गाचं. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं. कोयनेतून ५०,००० क्युसेक चोवीस तास सोडले तर ४.३२ टीएमसी, म्हणजे १०५.२५ टीएमसीच्या धरणातला लहानसा भाग. ते पाणी कराडला कृष्णेत मिळून सांगलीला पोचायला साधारण एक दिवस घेतं. पण सांगलीची पातळी एकट्या कोयनेवर ठरत नाही. धरणांखालच्या मोकळ्या खोऱ्यात किती पाऊस आहे ते पाहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालची वाट मोकळी आहे का. सांगली सोडली की लगेच हरिपूरला वारणा मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्या दोघी भरून आल्या असतील तर कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. म्हणून कोयनेचा विसर्ग पाहताना वारणा आणि पंचगंगेचे आकडेही त्याच कागदावर लिहा. तिन्ही एकदम चढत असतील तर वाट पाहू नका.

आता दुकानाचा आकडा काढू. तुमच्याच गल्लीत, शक्यतो शेजारच्या भिंतीवर, २०१९ च्या पाण्याची खूण शोधा. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी आणा, पाणी भरा. एक टोक खुणेशी, दुसरं तुमच्या उंबऱ्यावर उभ्या धरलेल्या पट्टीशी. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की उंबऱ्यापासून खुणेच्या पातळीपर्यंत किती उंची भरते ते मोजा. समजा साडेसहा फूट भरली. साडेसत्तावन्नातून साडेसहा वजा, उरले ५१. पुलाजवळ ५१ फूट झाले की पाणी तुमच्या उंबऱ्याला.

यात चुका तीन ठिकाणी होतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन्ही बाजू जुळत नाहीत, म्हणून नळी आधी पूर्ण न्याहाळा. दुसरी चूक खुणेची. गिलावा पाणी वर ओढतो, त्यामुळं ओलीचा डाग खऱ्या पातळीच्या फूटभर वरही असू शकतो. डाग धरू नका, गाळाची सरळ रेघ धरा. २००५ ची किंवा २०२१ ची रेघही सापडली तर तिच्यावरून हिशेब पडताळा, दोन्ही उत्तरं अर्ध्या फुटाच्या आत यायला हवीत. तिसरी चूक गटारीची. पाणी रस्त्यानं यायच्या आधी गटारीतून उलटं वर येतं, मोरी आणि तळघर असेल तर उंबऱ्याऐवजी त्यांची उंची मोजा.

निघालेल्या आकड्यातून निदान तीन फूट कमी करा आणि तो आपला हलायचा आकडा माना, वरच्या उदाहरणात ४८. ऐनवेळी टेम्पो मिळत नाही आणि मिळाला तर भाडं सांगेल ते द्यावं लागतं. आधी खालच्या फळीवरचा माल, वह्या आणि वजनकाटा हलवा. पोती एकावर एक रचून वर चढवण्यात अर्थ नाही, खालचं पोतं भिजून बसलं की थप्पी पाण्यात कलते.